विश्लेषण : मोशीचा पूल ओलांडला की मनाचा आजार कोणाच्या हद्दीत?

पुणे-नाशिक महामार्गावर मोशीजवळ इंद्रायणीचा पूल आहे. अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका, पलीकडे खेड तालुका. भोसरीत खोली आणि चाकणला कंपनी असे हजारो कामगार हा पूल रोज दोनदा ओलांडतात. हद्द कुठे बदलली, याचा विचार एरवी कोणी करत नाही. मार्च २०२० नंतर तो करावा लागला. पास कोणाकडून घ्यायचा, आपली बाजू कंटेन्मेंटमध्ये आहे की नाही, कंपनीची बस येणार का, आली तर त्यात बसायचे का, हे प्रश्न रोज सकाळी नव्याने उभे राहत.

साथीच्या काळातील मानसिक आरोग्याबद्दल तेव्हा भरपूर बोलले गेले. योग करा, छंद जोपासा, बातम्या कमी पाहा, घरच्यांशी गप्पा मारा. सल्ले चुकीचे नव्हते. पण दहा बाय दहाच्या खोलीत चार जण, पगार अडकलेला आणि घरचे तीनशे किलोमीटरवर, अशा माणसाला ते लागू पडत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराच्या मनाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मात्र तेव्हा मिळाले नव्हते आणि आजही नीट मिळालेले नाही.

भीती नेमकी कशाची होती?

विषाणूची भीती होतीच. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी सापडले आणि पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्येही. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. कारखान्यांचे भोंगे थांबले. मात्र त्या दिवसांत कामगारांच्या वस्त्यांत जी धास्ती होती, तिच्यात आजाराचा वाटा किती आणि पगाराचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्चला आदेश काढला : बंद काळातही कामगारांना पूर्ण पगार द्या आणि घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये. कागदावर दिलासा मोठा होता. १८ मेपासून पगाराचा आदेश उरला नाही. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालक आणि कामगारांनी आपसात वाटाघाटी करून तोडगा काढावा. कायम कामगारांच्या मागे युनियन होती. ठेकेदाराकडच्या पोराने वाटाघाटी कोणाशी करायच्या? कंपनी म्हणणार ठेकेदाराला विचार, ठेकेदार फोन उचलणार नाही.

या पट्ट्यात ‘ब्रेक’ हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. काही महिने काम झाले की कंत्राटी कामगाराला ब्रेक दिला जातो, मग नव्याने भरती. एरवी ब्रेक मिळाला, की माणूस गावी जाऊन येतो किंवा दुसऱ्या गेटवर उभा राहतो. २०२० मध्ये ब्रेक मिळाला आणि सगळीच गेटे बंद होती.

निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत शेतजमिनींवर खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. बीड, लातूर, यवतमाळपासून बिहार, ओडिशापर्यंतची मुले तिथे राहतात. तीन शिफ्टमुळे या खोल्यांचे एक गणित असते. एक जण कामावर, एक झोपलेला, एक मेसवर. सगळे एकाच वेळी खोलीत असतील, अशी वेळच येत नाही. लॉकडाऊनने ती आणली. पंख्याखालच्या जागेवरून भांडणे झाली, मोबाइलच्या आवाजावरून झाली. त्यात मेस बंद. मे महिन्याच्या सुरुवातीला दारूची दुकाने उघडली तेव्हा लागलेल्या रांगांवर विनोद बरेच झाले. दारूचे व्यसन जडलेल्या माणसाची दारू अचानक तुटली, की हात थरथरणे, झोप उडणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार होतात आणि ते जिवावरही बेतू शकतात, हे सांगणारे थोडे होते.

मग गावी जाण्याची ओढ. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुटल्या. त्याआधी आणि त्यानंतरही माणसे चालत निघाली. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ती बातमी चाकणच्या खोल्यांतील मोबाइलवर किती वेळा पाहिली गेली असेल, याची कल्पना करावी. जावे तर रस्त्यात मरण, राहावे तर उपास आणि गावात पोहोचलो तर वेशीवर शाळेत चौदा दिवस.

कारखाने सुरू झाल्यावर तरी निभावले का?

मे-जूनपासून लाइन हळूहळू सुरू झाल्या. १४ ते २३ जुलै पुणे, पिंपरी-चिंचवड आणि लगतच्या ग्रामीण भागात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. ऑगस्टमध्ये नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियममध्ये जम्बो कोविड रुग्णालय उभे राहिले. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघरी फिरल्या. भर ताप, शरीरातील ऑक्सिजन आणि जुने आजार यांवर होता. झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारण्याची तीच चांगली संधी होती. ती गेली.

कामावर परतलेल्यांचा ताण वेगळ्या जातीचा होता. शेजारी उभा असलेला खोकला तर सांगायचे का? सांगितले तर त्याचा आणि आपला दोघांचाही खाडा. स्वतःला कणकण वाटली तर घरी म्हातारे आई-वडील. पॉझिटिव्ह आलो तर गल्लीला पत्रे ठोकतील. बरे होऊन आलेल्याला घरमालक खोली रिकामी करायला सांगेल.

डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन थांबले. कारखाना विकण्याचा निर्णय साथीच्या आधीचा, जानेवारी २०२० मधला होता. तो साथीच्या माथी मारता येणार नाही. पण नोकरी जाण्याची वेळ साथीत आली आणि कामगारांचा लढा पुढे बरीच वर्षे चालला. चाळिशीत, मुलांची शाळा आणि घराचा हप्ता सुरू असताना कायम नोकरी जाणे म्हणजे काय, हे या पट्ट्याला फार जवळून दिसले.

दुसऱ्या लाटेतली एक गोष्ट तर इथलीच. चाकणला ऑक्सिजन तयार करणारे मोठे प्रकल्प आहेत. एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयांना तो कमी पडू लागला, तेव्हा २२ एप्रिलपासून केंद्राने मोजके उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला. निर्णय योग्यच होता, त्यावर वाद नाही. पण भोसरी, तळवडे भागातील गॅस कटिंग आणि फॅब्रिकेशनच्या छोट्या शेडचे काम त्या सिलिंडरवर चालते. शेडमालक आणि त्याचे पाच-सहा कामगार हात बांधून बसले. त्याच आठवड्यांत अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी बेडसाठी आणि ऑक्सिजनसाठी फिरत होते. ज्यांचे माणूस गेले, त्यांना शेवटचे तोंड पाहता आले नाही. दहावा-तेरावा नाही, दारावर येणारे नाही, रडायला चार माणसे नाहीत. दुःख गिळून पुढच्या सोमवारी फर्स्ट शिफ्ट. आपल्याकडे सुतकाचे दिवस असतात, त्यांचा मनाला काय उपयोग होतो, हे ते नसताना कळले.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. यात रोजंदारीवर काम करणारे अनुक्रमे ३२,५६३, ३७,६६६ आणि ४२,००४. म्हणजे २०२१ मध्ये दर चौघांमागे एक रोजंदार. महाराष्ट्राचा आकडा २०२० मध्ये १९,९०९ आणि २०२१ मध्ये २२,२०७, दोन्ही वर्षी देशात सर्वाधिक.

हे आकडे सावधपणे वाचायला हवेत. आत्महत्येमागे एकच कारण क्वचित असते आणि वाढ साथीमुळेच झाली, असे या नोंदी सिद्ध करत नाहीत. शिवाय कंत्राटी वेल्डर ‘रोजंदार’ या रकान्यात लिहिला गेला की ‘खासगी नोकरी’च्या, हे पंचनामा करणाऱ्यावर अवलंबून असते. तरी कोणता वर्ग सगळ्यात जास्त खचला, याची दिशा त्यातून दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. याच संघटनेच्या २०२० मधील पाहणीत १३० देशांपैकी ९३ टक्के देशांनी मानसिक आरोग्याच्या सेवा विस्कळीत झाल्याचे कळवले होते. म्हणजे गरज वाढली, त्याच वेळी दरवाजा बंद झाला. आपल्याकडे संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे ‘वायसीएम’, बराच काळ कोविडसाठीच राबले. ज्यांच्या मानसिक आजाराच्या गोळ्या आधीपासून सुरू होत्या, त्यांची आबाळ झाली.

आणखी एक गोष्ट खटकते. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी साधारण दहा-अकरा जणांना उपचारांची गरज असल्याचे आणि बहुतेकांना ते मिळत नसल्याचे दिसले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता.

मदत होती, मग पोहोचली का नाही?

मदत नव्हती असे म्हणता येणार नाही. मार्च २०२० च्या अखेरीस ‘निम्हान्स’ची हेल्पलाइन सुरू झाली. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितांची भीती आणि चिंता पोलिसांनी व अधिकाऱ्यांनी समजून घ्यावी, असे म्हटले. निवारा केंद्रांत समुपदेशक पाठवण्याची बाबही त्या आदेशात आहे. सप्टेंबरमध्ये ‘किरण’ हेल्पलाइन आली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ सुरू झाले, ते आजही चालू आहे.

अडचण अशी, की हेल्पलाइनला फोन करण्यासाठी आपल्याला मनाचा त्रास आहे हे आधी स्वतःला पटावे लागते. कामगार तसे म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड आहे, छातीत धडधडते, पोट साफ नाही, कामात लक्ष लागत नाही. तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, ताकदीचे इंजेक्शन आणि गोळ्या घेऊन येतो. ‘मानसिक’ म्हटले, की पुणे परिसरात डोळ्यांसमोर येरवडा येतो. ‘येरवड्याला पाठवतील’ हे वाक्य इथे चेष्टेत म्हणतात. त्याच वाक्याच्या भीतीने माणसे गप्प बसतात.

दुसरे म्हणजे चार जणांच्या खोलीतून फोनवर बोलायचे कसे? रडायचे तरी कुठे?

साथीत प्रशासन आजाराला पाहते आणि भीतीला विसरते, हे इथे पूर्वीही घडले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या, रुग्णांना छावण्यांत हलवले गेले. लोक रुग्ण लपवू लागले. संतापाने टोक गाठले आणि चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या. २०२० ची तुलना त्या काळाशी करायची नाही. यंत्रणेने, विशेषतः आशा आणि परिचारिकांनी, जीव ओतून काम केले. पण पॉझिटिव्ह आलो तर काय होईल या भीतीने चाचणी टाळणारे या वेळीही होते.

हद्दीचा प्रश्न का महत्त्वाचा?

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी ग्रामीण पोलिसांकडून काढून त्यात जोडली गेली. म्हणजे गुन्ह्यांच्या बाबतीत हा सगळा पट्टा एक आहे, हे सरकारने ओळखले. आरोग्याच्या बाबतीत ते अजून ओळखलेले नाही. पुलाच्या अलीकडे महापालिकेचे रुग्णालय. पलीकडे चाकणचे ग्रामीण रुग्णालय, जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रे आणि मानसिक आरोग्याच्या जिल्हा कार्यक्रमाची भिस्त औंधच्या जिल्हा रुग्णालयावर. विमाधारक कामगारासाठी ईएसआयचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरमध्ये. चाकणहून तिथे जायचे तर दिवसाचा खाडा ठरलेला.

त्यात कामगार स्वतःच दोन ठिकाणचा. विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी राज्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे. तिथे गावची आशा घरांची विचारपूस करते. त्याच घरातला मुलगा चाकणला आला, की तो कोणाच्याच यादीत नसतो. गावाच्या यादीतून बाहेर आणि इथे मतदार नाही, मालमत्ताधारक नाही, अनेकदा कंपनीच्या हजेरीपटावरही नाही. तो ठेकेदाराचा माणूस.

ईएसआयमध्ये काय मिळते आणि कोणाला मिळत नाही?

हा भाग फार थोड्या कामगारांना माहीत असतो, म्हणून थोडे सविस्तर.

महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ईएसआय कापला जातो. स्लिपवर ती कपात दिसते. तिच्या बदल्यात मोफत औषधोपचार मिळतात, हे ठाऊक असते. पण आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते आणि त्यासाठी आजार शरीराचाच असावा अशी अट नाही. दीर्घ आजारांसाठी विस्तारित लाभ आहे : पगाराच्या ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षे. त्या ३४ आजारांच्या यादीत क्षयरोग, कर्करोगाबरोबर गंभीर मानसिक आजारही आहेत. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे. मनाच्या आजारासाठी कामगाराला रजा आणि पैसे देता येतात, असे आपली योजनाच सांगते.

मेख अटींत आहे. साध्या लाभासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांचे योगदान लागते. विस्तारित लाभासाठी दोन वर्षांची विमाधारक नोकरी. ज्याला दर काही महिन्यांनी ब्रेक मिळतो, ठेकेदार बदलतो, विमा क्रमांक नव्याने काढला जातो, त्याची दोन वर्षे भरायची कधी? अॅप्रेंटिस तर या योजनेत धरलेच जात नाहीत. साथीच्या काळात इथल्या लाइनवर मोठ्या संख्येने असलेले ‘नीम’ योजनेचे ट्रेनी कामगार म्हणून गणले जात नव्हते, त्यामुळे तेही बाहेर. काम तेच, मशीन तेच, नाईट शिफ्ट तीच.

साथीत सरकारने ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त बेकारी भत्ता पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला, ९० दिवसांपर्यंत. चांगली योजना. पण तीही विमाधारकांसाठीच, आणि अशी काही योजना आहे हे सांगणारा माणूस गेटवर नव्हता.

पगार २१ हजारांच्या वर गेला की कामगार ईएसआयमधून बाहेर पडतो आणि कंपनीच्या मेडिक्लेमवर येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. गट विम्याच्या कागदांत ते आहे का, हे युनियनने करारावर सही करण्याआधी पाहावे. पगारवाढीच्या मागण्यांत हा मुद्दा अभावानेच दिसतो.

मग करता येण्याजोगे काय आहे?

प्रत्येक कारखान्यात मानसोपचारतज्ज्ञ नेमा, ही मागणी ऐकायला छान आहे. तेवढे तज्ज्ञ नाहीत. याचे उत्तर शेजारीच सापडलेले आहे. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना मदत देऊन पाहिली. सहा ते आठ भेटींच्या त्या पद्धतीचा चांगला उपयोग होतो, हे ‘लॅन्सेट’मधील अभ्यासातून दिसले. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने ‘आत्मीयता’ हा उपक्रम नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याच्या गावांत आधी राबवला. गावातलाच भरवशाचा माणूस हेरायचा, ऐकून कसे घ्यायचे आणि कोणाला कुठे पाठवायचे हे त्याला शिकवायचे. पुण्यात सुचलेली गोष्ट नाशिकला जाताना चाकणवरूनच गेली असणार. ती चाकणला उतरलेली नाही.

इथे असा माणूस कोण? मेस चालवणारी मावशी, खोल्यांचा मालक, लाइनचा सुपरवायझर, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. कोण जेवायला आले नाही, कोण तीन दिवस खोलीतून बाहेर पडला नाही, हे त्यांना सगळ्यात आधी कळते. ईएसआयच्या दवाखान्यात दोन प्रश्न विचारणे अवघड नाही : गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला आहे का? उदास, हताश वाटते का? जगभर प्राथमिक तपासणीसाठी हेच दोन प्रश्न वापरले जातात. पॉवर प्रेसवर बोटे जाण्याचे अपघात या पट्ट्याला नवे नाहीत. झोप न झालेला माणूस प्रेसवर उभा करायचा की नाही, हा सुरक्षेचाही प्रश्न आहे, आणि सुरक्षेचे रजिस्टर प्रत्येक कारखान्यात असते.

यांपैकी बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. महापालिका, जिल्हा परिषद, चाकण नगर परिषद, ईएसआय आणि औद्योगिक संघटना यांनी एका टेबलावर बसावे लागेल. बोलावणार कोण, एवढेच ठरायचे आहे. आमच्या मते ते काम जिल्हाधिकाऱ्यांचे. साथीत सगळ्या हद्दींवरून आदेश चालवण्याचा अधिकार त्यांनी वापरला होता. साथ नसतानाही ही एक बैठक त्यांना बोलावता येईल.

आत्ता मदत हवी असेल तर?

टेली-मानसचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत आणि हिंदीतही बोलता येते. नाईट शिफ्ट सुटल्यावर पहाटे केला तरी चालतो. खोलीत बोलता येत नसेल तर बाहेर रस्त्यावर येऊन बोला. काय सांगावे सुचत नसेल तर ‘झोप लागत नाही’ एवढे सांगितले तरी पुढचे प्रश्न समोरचा माणूस विचारतो.

खोलीतला कोणी जगून काय उपयोग, असे बोलत असेल तर ते मनावर घ्या. त्याला एकटे सोडू नका आणि जवळच्या रुग्णालयात घेऊन जा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला रुग्णालयात नेले तर पोलिस केस होईल, ही भीती अजून आहे. त्या माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरून सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे २०१७ चा कायदा सांगतो. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही. डॉक्टरांना खरे काय ते सांगावे. उपचार त्यावरच ठरतात.